स्किनकेअर चालू केलंय? मग आधी बारा आठवडे बाजूला काढून ठेवा

दोन वर्षांपूर्वी घर बदलताना बाथरूमचं कपाट रिकामं केलं, तेव्हा त्यातून अकरा बाटल्या आणि ट्यूब निघाल्या आणि त्यातली एकही संपलेली नव्हती. कुठली पाऊण भरलेली, कुठली अर्धी, एका व्हिटॅमिन सी सीरमचा रंग तर गडद तपकिरी झालेला. त्या अकरा वस्तू मी फरशीवर ओळीने मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपण किती दिवस वापरली ते आठवायला बसले. सगळ्यात जास्त टिकली ती पाच आठवडे, बाकीच्या दहा-बारा दिवस, एक तर फक्त तीन रात्री. आणि खरं सांगते, त्यातल्या निम्म्या वस्तू चांगल्या होत्या, आज मी जे वापरते त्यात तेच घटक आहेत. खोट त्या बाटल्यांमध्ये नव्हती, माझी धरसोड चालू होती आणि कुठल्याच वस्तूला मी पुरेसा वेळ दिला नव्हता.

म्हणून नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. कुठलं प्रॉडक्ट घ्यायचं हे सांगणारे ढीगभर लोक आहेत, पण घेतल्यावर पहिल्या दिवसापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत नेमकं काय करायचं, कधी घाबरायचं, कधी नाही घाबरायचं, हे फार कमी लोक सांगतात. आणि बहुतेक सगळे त्या मधल्या काळातच सोडतात.

आधी एवढं समजून घ्या, नाहीतर धीर धरवणार नाही

आपल्या त्वचेच्या वरच्या पापुद्र्याच्या तळाशी सतत नवीन पेशी तयार होत असतात, त्या हळूहळू वर सरकतात, वर येता येता चपट्या होतात, मरतात आणि शेवटी गळून पडतात. तरुण वयात या सगळ्या प्रवासाला ढोबळमानाने २८ दिवस लागतात, वय वाढलं की तेच ४०-४५ दिवसांवर जातं, काहींना त्याहून जास्त. म्हणजे आज आरशात तुम्हाला जो चेहरा दिसतोय तो साधारण महिन्याभरापूर्वी आत तयार झालेला आहे. कालपासून लावलेल्या क्रीमचा त्यात काही हात नाही, त्याचं काम अजून वर यायचंय.

पिंपल्सचं तर याहून लांबचं गणित. पिंपल वर दिसतो त्याच्या कित्येक आठवडे आधी, कधी कधी दोन महिने आधी, ते छिद्र आतून तुंबायला लागलेलं असतं, डोळ्याला काहीच दिसत नसतं. त्यामुळे सोमवारी क्रीम चालू केलं आणि गुरुवारी हनुवटीवर नवीन पिंपल आला की आपण म्हणतो हे मला सूट होत नाही, आणि बंद करतो. पण तो पिंपल क्रीम यायच्या खूप आधी निघालेला होता, फक्त पोचला गुरुवारी.

मग किती दिवस थांबायचं? कोरडेपणा, ओढल्यासारखं वाटणं हे चांगल्या मॉइश्चरायझरने काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत कमी होतं. पिंपल्सना ८ ते १२ आठवडे. पिंपल गेल्यावर मागे राहणारे काळे-तपकिरी डाग तीन ते सहा महिने, आणि सावळ्या त्वचेत किंवा खोल गेलेले डाग असतील तर वर्ष सुद्धा. बारीक रेषांवर रेटिनॉईड, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या जातीचं औषध, काम करतं, पण त्यासाठी सहा महिने धरून चाला. आणि खड्डे, म्हणजे त्वचा खरंच आत गेलेली असेल, तर कुठल्याही क्रीमची वाट बघू नका, त्यासाठी स्किनच्या डॉक्टरकडे वेगळे उपचार असतात.

हे आकडे एका वहीत लिहून ठेवा हं, आणि पुढे कुठल्या रात्री काय लावलं तेही त्यातच. नंतर लागतील.

पायरी १: पहिले चार आठवडे फक्त तीन वस्तू

क्लेन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बस. सीरम नको, टोनर नको, स्क्रब तर अजिबात नको. मला माहितीये हे कंटाळवाणं वाटतं आणि नवीन उत्साहात माणसाला एकदम सहा गोष्टी आणायच्या असतात, पण सहा गोष्टी एकदम लावल्या आणि चेहरा लाल झाला तर कशामुळे झाला हे कळायचा मार्गच राहत नाही. मग सगळंच बंद, आणि पुन्हा पहिल्यापासून. एक ना धड भाराभर चिंध्या, तसलं होतं ते.

क्लेन्झर बरोबर आहे का हे तपासायची सोपी पद्धत: तोंड धुवून, टॉवेलने हलकं टिपून, दहा मिनिटं काहीही न लावता बसा. गाल ताणल्यासारखे वाटले, हसताना चेहरा ओढला गेला, तर तो तुमच्यासाठी कडक आहे. ती "करकरीत स्वच्छ" भावना लोकांना आवडते, मला पण आवडायची, पण तो करकरीतपणा म्हणजे त्वचेतलं तेल आणि तिचे आपले स्निग्ध पदार्थ धुवून निघालेले असतात. आपल्या त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो, किंचित आम्लधर्मी, आणि नेहमीच्या अंगाच्या साबणाचा ९ ते १० असतो, म्हणून चेहऱ्याला साबण नको. दिवसातून दोनदा धुणं भरपूर झालं, त्वचा फारच कोरडी असेल तर सकाळी नुसतं पाणी चालतं.

मॉइश्चरायझर चेहरा थोडा ओलसर असतानाच लावा, अगदी खडखडीत कोरडा होईपर्यंत थांबू नका. सिरॅमाईड किंवा ग्लिसरीन असलेलं, शक्यतो वास नसलेलं घ्या. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर लागत नाही असं म्हणतात ते चूक आहे, तेलकट त्वचेला जेलसारखं हलकं लागतं एवढाच फरक, आणि पुढे जेव्हा पिंपल्सची औषधं चालू होतील ना, तेव्हा हेच तुम्हाला तारून नेणार आहे.

सनस्क्रीनवर मात्र मी थोडी थांबणार आहे, कारण सातत्य म्हणजे काय हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बर या गावात एक मोठा प्रयोग झाला होता. काही लोकांना सांगितलं की रोज सनस्क्रीन लावा, बाकीच्यांना सांगितलं की तुम्हाला वाटेल तेव्हा लावा, आणि साडेचार वर्षं असंच चालू ठेवलं. त्यातल्या ९०३ जणांच्या त्वचेच्या म्हातारपणाची तुलना २०१३ मध्ये छापून आली. रोज लावणाऱ्यांमध्ये दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी खुणा दिसल्या. दुसऱ्या गटातल्यांना कोणी बंदी घातली नव्हती, त्यांच्यातलेही कित्येक जण लावत होतेच की, फरक होता तो "रोज" आणि "वाटेल तेव्हा" यात.

आता लावायचं किती? बाटलीवर एसपीएफ ३० किंवा ५० असा उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा लिहिलेला असतो, ते संरक्षण दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढ्या जाड थरावर मोजलेलं असतं, आणि आपण लावतो त्याच्या निम्मं, कधी पाव. म्हणून तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढायची, तेवढं सगळं चेहऱ्याला आणि मानेला. पहिल्यांदा केलं की वाटतं हे फारच झालं, चेहऱ्यावर पांढरं दिसतं, पण दोन हप्त्यांत लावा, आधी एका बोटाचं, पाच मिनिटांनी दुसऱ्या बोटाचं, म्हणजे बसतं नीट. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारचे, यूव्हीबी आणि यूव्हीए; खिडकीची काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते पण यूव्हीएचा बराच भाग आत येतो, त्यामुळे दिवसभर खिडकीशी बसून काम करणाऱ्यांनीही लावायचं. आणि डाग घालवायचे असतील तर सनस्क्रीनशिवाय बाकीचं सगळं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं आहे, रात्री जेवढा डाग फिकट होईल तेवढा दिवसा परत गडद होईल.

पायरी २: पहिल्याच दिवशी फोटो काढा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग दोन महिन्यांनी म्हणतात काहीच फरक नाही. फरक असतो, आपल्याला आठवत नसतं आधी कसं होतं ते. चेहरा आपण रोज बघतो ना, त्यामुळे सावकाश झालेला बदल डोळ्याला कळतच नाही.

मी असं करते: दिवसा, खिडकीकडे तोंड करून, घरातले दिवे बंद, तोंड धुवून अर्धा तास झालेला, काहीही न लावलेलं. तीन फोटो, समोरून एक, डाव्या गालाचा एक, उजव्या गालाचा एक. फोनचा ब्युटी फिल्टर बंद आहे ना ते आधी बघायचं, कित्येक फोनमध्ये तो आपोआप चालू असतो. फरशीवर उभं राहायच्या जागी मी चिकटपट्टीचा एक छोटा तुकडा लावलाय म्हणजे दर वेळी अंतर तेच राहतं. फोटो दर चार आठवड्यांनी, मध्ये नाही. आणि काढून झाल्यावर ते वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून द्यायचे, रोज उघडून बघायचे नाहीत. पेरलेलं बी रोज उकरून बघितलं तर उगवणार कसं?

दुसरं, प्रत्येक नवीन ट्यूबवर मार्करने तारीख टाका. उघडली कधी ते. त्याने दोन कामं होतात: एक म्हणजे बारा आठवडे कधी होतात ते मोजता येतं, दुसरं म्हणजे वस्तू शिळी कधी होते ते कळतं. बहुतेक बाटल्यांच्या मागे उघड्या डबीचं एक छोटं चित्र असतं आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा, उघडल्यापासून तेवढे महिने ती चालते. व्हिटॅमिन सी मात्र त्याआधीच बिघडू शकतं, रंग गडद तपकिरी झाला की टाकून द्या.

पायरी ३: एक तक्रार निवडा, एक औषध निवडा

चार आठवडे झाले, चेहरा शांत आहे, तीन वस्तूंची सवय झाली, मग एक अ‍ॅक्टिव्ह आणा, म्हणजे ठराविक तक्रारीवर काम करणारा घटक असलेलं औषध. एकच. आणि त्याआधी स्वतःला विचारा, मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? पिंपल्स, डाग, रेषा आणि ब्लॅकहेड्स सगळं एकाच वेळी नाही सुटणार.

ब्लॅकहेड्स आणि बारीक बंद पुटकुळ्या असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड, २ टक्क्यांपर्यंत, ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रात उतरू शकतं. लाल, दुखणारे पिंपल्स असतील तर बेन्झॉईल परॉक्साईड, आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा की २.५ टक्के पुरतं, १० टक्क्यांवाल्याने फायदा फारसा वाढत नाही, आग मात्र जास्त होते. हो, आणि याने टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, जुने वापरा. डागांसाठी नायसिनमाईड ४-५ टक्के किंवा अझेलिक अ‍ॅसिड. पिंपल्स वारंवार येतात, डाग राहतात, छिद्रं सतत तुंबतात असं सगळं मिळून असेल तर अ‍ॅडापलीनसारखं रेटिनॉईड, पण ते एकदा डॉक्टरांना विचारून. गरोदर असाल किंवा मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू असतील तर रेटिनॉईड अजिबात नाही, यात तडजोड नाही.

आणल्या आणल्या चेहऱ्याला लावू नका. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, नाण्याएवढ्या जागेवर रोज दोनदा लावा, सात ते दहा दिवस. धुवून टाकायची वस्तू असेल तर नेहमी जितका वेळ चेहऱ्यावर ठेवाल तितकाच वेळ हातावर ठेवून धुवा. मी आधी एक रात्र लावून बघायचे आणि म्हणायचे पॅच टेस्ट झाली, पण अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन कधी कधी बऱ्याच दिवसांनी उठते, एका रात्रीत काही कळत नाही. हाताला खाज, पुरळ, लाली आली नाही तर पुढे चला. (रेटिनॉईड आणि अ‍ॅसिडने हातालाही थोडं कोरडं वाटेल, तेवढं चालतं.)

पायरी ४: हळू, म्हणजे खरंच हळू

समजा रेटिनॉईड घेतलंत. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, म्हणजे समजा सोमवार आणि गुरुवार. पुढचे दोन आठवडे एक दिवस आड. मग त्वचा साथ देत असेल तर रोज रात्री, आणि नसेल देत तर एक दिवस आडच ठेवा, त्यात काही बिघडत नाही. एक दिवस आड वर्षभर चाललेलं औषध हे रोज लावून तीन आठवड्यांत सोडलेल्या औषधापेक्षा कितीतरी जास्त काम करतं.

किती? वाटाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला. पिंपलवर ठिपका ठेवायचा नाही, सगळीकडे पातळ पसरायचं, कारण आपल्याला आज दिसणाऱ्या पिंपलपेक्षा पुढच्या महिन्यात येऊ घातलेले अडवायचेत आणि ते कुठे आहेत हे अजून दिसत नाही. मी वाटाणाभर बोटावर घेऊन पाच ठिकाणी टेकवते, कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी, आणि मग पसरते. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या अगदी जवळची जागा सोडते, तिथे आधी थोडं व्हॅसलीन लावून ठेवलं तर अजून बरं. चेहरा पूर्ण कोरडा असू दे. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग परत मॉइश्चरायझर, याला लोक सँडविच म्हणतात आणि सुरुवातीच्या महिन्यात ते फार उपयोगी पडतं.

औषध चालू केल्यापासून दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात काय होऊ शकतं ते आधीच सांगते, कारण बहुतेक लोक इथेच सोडतात, मी पण दोनदा इथेच सोडलं होतं. पापुद्रे निघतात. नाकाच्या बाजूला कातडी सुटल्यासारखी दिसते. आणि पिंपल्स वाढतात. याला पर्जिंग म्हणतात, पेशींची उलाढाल वाढल्यामुळे आत तुंबलेलं सगळं लवकर वर येतं. तिसऱ्या वेळी मी अ‍ॅडापलीन लावत होते तेव्हा पाचव्या आठवड्यात हनुवटीवर एकाच वेळी सात पिंपल्स होते, मी मोजले होते, आणि त्या रविवारी कोणाकडे जायचं होतं ते मी टाळलं. फार वाईट वाटलं होतं. पण वहीत लिहिलेलं होतं की सहाव्या आठवड्यापर्यंत असं होऊ शकतं, म्हणून नुसतं त्या पानावर बोट ठेवून मी त्या रात्री पण लावलं. आठव्या आठवड्यात नवीन यायचे थांबत आले, आणि बाराव्या आठवड्याचा फोटो पहिल्याशेजारी ठेवला तेव्हा मला स्वतःचाच गाल ओळखू येईना.

पण पर्जिंग म्हणून सगळंच सहन करायचं नाही हं, हे अगदी मनापासून सांगतेय. पर्जिंग तिथेच येतं जिथे तुम्हाला नेहमी पिंपल्स येतात, आणि फक्त रेटिनॉईड किंवा अ‍ॅसिडसारख्या, पेशींची गती वाढवणाऱ्या औषधांनीच येतं. मॉइश्चरायझर किंवा सनस्क्रीनने पुरळ आलं तर ते पर्जिंग नव्हे, ते तुम्हाला मानवत नाहीये, बंद करा. नेहमी स्वच्छ असणाऱ्या जागी पुरळ उठलं, पाणी लागलं तरी झोंबतंय, रोजचं साधं मॉइश्चरायझर सुद्धा चुरचुरतंय, चेहरा लाल आणि गरम राहतोय, तर तुमच्या त्वचेचं वरचं कवच दुखावलंय. औषध थांबवा आणि दोन ते चार आठवडे पुन्हा नुसत्या तीन वस्तूंवर या. शांत झालं की पुन्हा आठवड्यातून दोन रात्रींपासून. याला मागे जाणं समजू नका, तेवढा वेळ त्यात धरलेलाच असतो. आणि डोळे, ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला त्रास झाला, तर वाट न बघता दवाखाना.

पायरी ५: कंटाळलेल्या रात्रीसाठी रूटीन बनवा

नव्याचे नऊ दिवस सगळेच छान करतात. दहाव्या दिवशी रात्री साडेबाराला दमून आल्यावर काय होतं, त्यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून रूटीन ठरवताना त्या रात्रीचा विचार करून ठरवा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, रोजची एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला किती दिवस लागतात यावर. सरासरी निघाली ६६ दिवस, पण माणसामाणसात १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. म्हणजे ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे म्हणतात त्यावर जाऊ नका, चौथ्या आठवड्यातही स्वतःला ढकलावं लागत असेल तर ते अगदी नॉर्मल आहे. आणि त्याच अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. एक रात्र राहिली? राहू दे. दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचं नाही, नेहमीएवढंच लावायचं आणि पुढे चालायचं. एक रात्र चुकल्यावर "आता काय, मोडलंच" म्हणून पुढचे आठ दिवस सोडून देणं, त्याने नुकसान होतं.

सवय लावायला ती आधीच असलेल्या सवयीला बांधा. रात्री दात घासता ना, मग क्लेन्झर ब्रशच्या शेजारी ठेवा आणि दात घासून झाले की हात आपोआप तिकडे जाऊ दे. कपाटात आत ठेवलेली वस्तू आठवत नाही. शक्य असेल तर तोंड झोपायच्या वेळी न धुता घरी आल्या आल्याच धुऊन टाका, झोप डोळ्यावर यायच्या आधी, मला या एका बदलाने जेवढा फायदा झाला तेवढा कुठल्या महाग सीरमने झाला नाही.

आणि एक छोटं रूटीन ठरवून ठेवा, आजारी असाल, प्रवासात असाल, जीव नको झाला असेल तेव्हासाठी. माझं असं आहे: तोंड धुणं आणि मॉइश्चरायझर, दीड मिनिट. औषध नाही लावलं तरी चालेल त्या रात्री. पण ते दीड मिनिट करतेच. प्रवासाला जाताना नवीन काही न्यायचं नाही, हॉटेलातलं फेसवॉश वापरायचं नाही, आपलंच छोट्या डबीत भरून न्यायचं.

मधल्या काळात हात आवरा

आठव्या आठवड्याच्या आसपास दोन मोह होतात. एक म्हणजे पिंपल फोडायचा. फोडलात की आतली सूज अजून पसरते आणि मग जो पिंपल पाच-सात दिवसांत बसला असता त्याचा डाग सहा महिने राहतो. हात जातोच असेल तर हायड्रोकोलॉइडचे पिंपल पॅच मिळतात ते लावून टाका, निदान बोट लागत नाही. टूथपेस्ट लावू नका, त्याने कातडी भाजते. भिंग असलेला आरसा घरात असेल तर तो पण उचलून ठेवा, त्यात सगळ्यांचंच नाक खडबडीत दिसतं, आणि समोरचा माणूस तुम्हाला इतक्या जवळून कधीच बघत नसतो.

दुसरा मोह म्हणजे अजून काहीतरी लावायचा. इतके दिवस झाले, सोबत व्हिटॅमिन सी घेऊ का, पील करू का. नको. बारा आठवडे होईपर्यंत काहीही नवीन नाही, कोणी कितीही भारी सांगितलं तरी. नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि तारीख टाका. मी असं लिहिलेल्या नावांपैकी बहुतेक नावं तीन महिन्यांनी मला घ्यावीशीही वाटली नाहीत.

ज्याने तीन दिवसांत फरक पडतो त्याला घाबरा

माझ्या मावसबहिणीला कोणीतरी एक क्रीम दिलं होतं, चौथ्या दिवशी तिचा चेहरा उजळ आणि गुळगुळीत, आम्ही सगळ्या बघत राहिलो. दोन महिन्यांनी ते संपलं आणि आठवड्याभरात चेहरा लालभडक, आग, पुरळ, गालावर बारीक लाल शिरा. डॉक्टरांनी ट्यूब बघून सांगितलं, यात स्टेरॉईड आहे. स्टेरॉईड हे औषध म्हणून चांगलंच आहे, डॉक्टर ठराविक आजाराला ठराविक दिवस देतात, पण गोरं दिसायला म्हणून महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोळलं तर त्वचा पातळ होते आणि सोडलं की सगळं उलटून येतं. तिला नीट व्हायला वर्षाहून जास्त लागलं, त्या काळात तिने फोटोच काढू दिले नाहीत कोणाला. म्हणून ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावू नका. आणि घटकच लिहिलेले नाहीत अशी डबी तर घरातच आणू नका, काही उजळपणाच्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि तो मूत्रपिंडापर्यंत जातो. आधीच असं काही लावत असाल तर हे वाचून एकदम बंद करू नका, डॉक्टरकडे ट्यूब घेऊन जा, ते सांगतील तसं सोडा.

पायरी ६: बाराव्या आठवड्याचा निकाल

आता फोटो उघडा. पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी. चेहरा "सुंदर" झाला का असं विचारू नका, नेमकं विचारा: नवीन पिंपल्स आधी आठवड्याला किती यायचे, आता किती येतात? आलेला पिंपल किती दिवसांत बसतो? डागाची कड पुसट झाली का? मोजता येईल असं.

निम्मा फरक दिसला तरी चालू ठेवा, तो पुढेही वाढत जातो. थोडासाच दिसला पण त्वचेला त्रास काही नाही, तर नियम नीट पाळला का ते वहीत बघा, बारा आठवड्यांत साठ रात्री लावलं का वीस? वीस असेल तर अजून औषधाची परीक्षाच झालेली नाही. आणि नीट लावून काहीच हललं नसेल तर ते बदला, स्वतःला दोष न देता, किंवा डॉक्टरकडे जा. काही बाबतीत तर बारा आठवडे थांबायचंच नाही: आत गाठी होणारे दुखरे पिंपल्स, खड्डे पडायला लागलेत, पाळी अनियमित आहे आणि जबड्याच्या कडेने पिंपल्स येतायत, चेहऱ्यावर केस वाढतायत, किंवा एखादा तीळ आकार-रंग बदलतोय, तर आजच अपॉइंटमेंट घ्या. गाठीवाल्या पिंपल्सना क्रीम पुरत नाही, जेवढे महिने घरी घालवाल तेवढे खड्डे वाढतात.

चेहरा स्वच्छ झाला की बंद करायचं नाही हेही इथेच सांगते. पिंपल्सचा स्वभाव परत येण्याचा आहे, म्हणून रेटिनॉईड कमी रात्री का होईना पण चालू ठेवतात, आणि सनस्क्रीन तर कायमच. नवीन दुसरं काही जोडायचं असेल तर आता जोडा, परत तसंच, हातावर दहा दिवस, आठवड्यातून दोनदा, पुढचे बारा आठवडे.

आणि ट्यूब दाबल्यावर कडेला घडी राहायला लागली की दुसरी मागवून ठेवा. माझ्या वहीत सगळ्यात मोठे खंड कुठे पडलेत ते बघितलं तर आळसाने पडलेले थोडेच आहेत, बहुतेक वेळा वस्तू संपली होती आणि नवीन आणेपर्यंत बारा-पंधरा दिवस गेले होते. आता नवी ट्यूब जुनीच्या मागेच उभी असते, न उघडलेली, आणि तारीख टाकायला मार्कर त्याच कप्प्यात.